पेटीभर सिनेमा, चिमूटभर खेळ

साधारण २००८ ते २०१५ या काळात मोबाइलच्या दुकानांत एक जोडधंदा जोरात होता: मेमरी कार्ड भरून देण्याचा. बऱ्हाणपूर असो, रावेर असो की भुसावळ, काउंटरवर एक कॉम्प्युटर, त्याला लोंबणारा कार्ड रीडर आणि समोर दोन जीबीचे कार्ड घेऊन उभी पोरे, हे दृश्य सगळीकडे सारखेच. तीन-चार पिक्चर टाकले की कार्ड भरे. गेम मात्र दुकानदार सढळ हाताने देई. त्या काळच्या बटणांच्या फोनवरचा जावा गेम काही शे केबीचा. असे पाच-पन्नास टाकले तरी कार्डाला त्याचा पत्ता लागत नसे.

पिक्चर अडीच तासांत संपे, गेम महिनाभर पुरे. म्हणजे जे लवकर संपते ते सगळी जागा खाई आणि जे पुरून उरते ते कोपऱ्यात मावे. पुढे चित्र एचडी झाले, टीव्ही भिंतभर झाले, तरी हे कोडे बराच काळ तसेच राहिले. त्याची मुळे फोनच्या कितीतरी आधीची आहेत. आणि ती समजून घ्यायला बऱ्हाणपूर सोयीचे आहे, कारण हे गाव विणकरांचे आहे.

थान आणि रीत

तापीच्या उत्तर काठावरचे बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांच्या हाती गेला. सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याच्या वाटेवर ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथे थांबला होता. इथले तलम पांढरे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. काही कापडांत सोन्याचांदीची तारही असे. कलाबतूचा तो थाट ओसरला, हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, पण गल्ल्यांमधला खडखडाट अजून थांबलेला नाही.

नक्षीचे कापड दुसऱ्या गावी पोचवायचे दोन मार्ग असतात. एक तर विणलेले थान गाडीत घालून पाठवायचे. नाहीतर नक्षी विणायची रीत पाठवायची. तिथे माग आणि सूत असेल तर कापड तिथेच तयार होईल. थानाचे वजन लांबीबरोबर वाढते: शंभर वार कापड दहा वारांच्या दहापट भरते. रीतीचे तसे नाही. दहा वार विणा की दहा हजार, रीत तेवढीच.

ही रीत माणसाच्या डोक्यातून काढून वस्तूत साठवण्याचे काम विणकरांनी फार पूर्वी केले. बनारसेत नक्षी आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवत आणि मग ते जाळे मागावर चढवत. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने तेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर सोपवले. भोक असेल तिथला ताणा उचलला जाई, नसेल तिथला खाली राही. पत्त्यांची माळ गोल फिरत राही आणि तीच वेलबुट्टी हजारो वार उमटत राही.

पण एक प्रसंग या रीतीची मर्यादा दाखवणारा आहे. १८३९ मध्ये लियाँ शहरातल्या विणकरांनी खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणले. ते इतके हुबेहूब झाले की पाहणाऱ्यांना तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले वाटे. त्या एका चित्राला सुमारे २४,००० पत्ते लागले. कारण उघड आहे. बुट्टी पुन्हा पुन्हा येते. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र काहीच पुन्हा येत नाही. जिथे पुनरावृत्ती नाही तिथे रीतसुद्धा थानाइतकीच जड होते.

पुढची सगळी कथा या दोन टोकांमधली आहे. सिनेमा हे थान. व्हिडिओ गेम म्हणजे रीत आणि सोबत थोडे सूत. माग खेळणाऱ्याच्या घरी असतो.

तीन आण्यांत दोन मैल

सिनेमा हे मोजून विकायचे थान आहे, हे आपल्याकडे सर्वांत आधी ओळखले दादासाहेब फाळक्यांनी. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे ते चित्र घेऊन सुरतेला गेले तेव्हा गल्ला जमेना. तिथल्या प्रेक्षकाला तिकिटाच्या पैशात तासन्तास चालणारे नाटक पाहायची सवय. तासाभराच्या आत संपणाऱ्या चित्राला तो पैसे कशाला देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि तेही फक्त तीन आण्यांत! गल्ला वाढला.

या जाहिरातीचा हिशोब आज करून पाहता येतो. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर फुटाला १६ चित्रे बसतात, म्हणजे ५९,२०० चित्रे झाली. छायाचित्रांचा आकडा फाळक्यांनी जवळजवळ बरोबर सांगितला होता. दोन मैल मात्र जाहिरातीचे होते, फीत मैलभरही भरत नव्हती. तरी मुद्दा पक्का होता. सिनेमा पाहणे म्हणजे हजारो छायाचित्रे ओळीने पाहणे, आणि त्यातले प्रत्येक आधी काढून, धुऊन, सांभाळून ठेवावे लागते.

बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे हा वेग कायम झाला. त्या वेगाने मिनिटाला ९० फूट फीत सरकते. अडीच तासांच्या हिंदी पिक्चरला १३,५०० फूट, म्हणजे चार किलोमीटरहून अधिक फीत आणि २ लाख १६ हजार चित्रे लागतात. पत्र्याच्या डब्यांतल्या अशा एका प्रिंटचे वजन तीस किलोंच्या घरात जाई.

भुसावळची पेटी

हे ओझे बऱ्हाणपूरला येई ते रेल्वेने. मुंबईहून भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूरमार्गे कलकत्त्याला जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाला आणि बऱ्हाणपूर त्याच मार्गावर आहे. निमाड जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तो प्रांत इतिहासजमा झाला, वऱ्हाड महाराष्ट्रात आले, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. सिनेमाच्या व्यापाराने मात्र इंग्रजी अमदानीचा नकाशा सोडला नाही. 'सी.पी.-बेरार', म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, हे वितरणक्षेत्राचे नाव अजून चालते आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य ठाणे आजही भुसावळला आहे. मोठ्या शहराऐवजी भुसावळ का, याचे उत्तर जंक्शन या शब्दात आहे. पेट्या जिथून चारी दिशांना लवकर सुटतात, तिथे वितरकांनी कचेऱ्या थाटल्या.

थानाच्या वजनातून पुढची सगळी व्यवस्था आली. प्रिंट महाग, शेवटच्या काळात एकीला साठ हजार रुपयांच्या वर खर्च येई. म्हणून प्रिंटा मोजक्याच काढत. त्या आधी मोठ्या शहरांत लागत, तिथे झिजत, मग जिल्ह्याच्या गावी आणि शेवटी तालुक्याला येत. छोट्या गावच्या प्रेक्षकाला नवा पिक्चर काही आठवड्यांनी दिसे आणि तोवर त्यावर पावसाच्या सरींसारख्या रेघा पडलेल्या असत.

जड वस्तू सांभाळणेही अवघड. जुन्या कृष्णधवल फितीत चांदी असते. कितीतरी फिती त्या चांदीसाठी भंगारात गेल्या. जुनी नायट्रेट फीत तर ज्वालाग्राही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कुठेच उरलेला नाही.

अंकांचा डोंगर

चित्र फितीवरून कॉम्प्युटरवर आले तेव्हा वजन हलके होईल असे वाटले होते. आकडेमोड केली तर उलटेच दिसते. पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक चित्र ६.२ एमबीचे होते. सेकंदाला अशी २४ चित्रे, म्हणजे दर सेकंदाला जवळपास १५० एमबी. अडीच तासांचा पिक्चर १,३०० जीबीच्या पुढे जातो, आणि त्यात आवाज अजून धरलेलाच नाही.

हा डोंगर खाली आणण्याच्या कामात तीन भारतीय नावे ठळक आहेत. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद तेव्हा अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत होते. चित्राचे छोटे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येकातला प्रकाशाचा चढउतार काही ठरावीक लाटांच्या मिश्रणात मांडायचा, अशी त्यांची कल्पना होती. डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लाटा गाळल्या तरी चित्र तसेच दिसते. १९७२ मध्ये त्यांनी यासाठी अनुदान मागितले ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी वाटली, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यांनी ती रीत प्रसिद्ध केली. आजचे जेपेग फोटो आणि बहुतेक व्हिडिओ याच रीतीवर किंवा तिच्या वंशजांवर उभे आहेत. पुढे त्यात दुसरी युक्ती मिळाली: लागोपाठच्या चित्रांत जे हलत नाही ते पुन्हा लिहायचे नाही, फक्त बदल नोंदवायचा.

या दोन युक्त्यांवर १९९३ मध्ये व्हीसीडी आली. तिचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, जेमतेमच; तरी एका सीडीवर सव्वा तासच मावे. हिंदी पिक्चरला दोन, कधी तीन चकत्या लागत. मग ४.७ जीबीची डीव्हीडी आली, नंतर २५ आणि ५० जीबीची ब्लू-रे. २००५ च्या सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीजने पिक्चर उपग्रहावरून थेट थिएटरांत उतरवायला सुरुवात केली आणि त्याचा पहिला फायदा छोट्या गावांतल्या एकपडदा थिएटरांना झाला. भुसावळच्या पेट्यांची गरज हळूहळू संपली. नवा पिक्चर मुंबईत आणि निमाडात एकाच शुक्रवारी लागू लागला.

तरीही थान ते थानच. कितीही घट्ट गुंडाळले तरी प्रत्येक क्षणाची काही ना काही नोंद ठेवावीच लागते. पानांची सळसळ, पाण्यावरची चमक, नायिकेच्या चेहऱ्यावरून सरकणारी सावली, यातले काहीच हुबेहूब पुन्हा येत नाही. लियाँच्या विणकरांना २४,००० पत्ते लागले त्याच कारणाने पिक्चरला जीबी लागतात.

चाळीस केबीचे राज्य

व्हिडिओ गेमचा जन्मच गरिबीतला. १९८४ मध्ये केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल, बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरसाठी अंतराळातल्या व्यापाराचा खेळ करत होते. यंत्राची सगळी स्मृती ३२ केबी. त्यातली काही पडद्यालाच लागे. दोन हजार ग्रहांची यादी तिथे लिहिणार कुठे? त्यांनी यादी लिहिलीच नाही. एका सुरुवातीच्या संख्येपासून ठरलेल्या गणिताने पुढची, तिच्यापासून पुढची, अशी मालिका काढायची आणि त्या आकड्यांतून ग्रहाचे नाव, तिथले सरकार, तिथला बाजार ठरवायचा, असा बेत केला. सुरुवात तीच असल्यामुळे ग्रह दर वेळी तेच येत. असे २५६ ग्रहांचे एक तारकामंडल आणि अशी आठ मंडले 'एलिट' या खेळात मावली. गणिताने अब्जावधी मंडले काढता आली असती. इतकी दिली तर हे सगळे गणितातून येते हे लोकांना कळेल, म्हणून प्रकाशकांनीच आठवर थांबायला लावले.

पुढच्याच वर्षी जपानमध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. नव्वदीच्या दशकात त्या यंत्राच्या नकला आपल्याकडे टीव्ही-गेम म्हणून घरोघरी आल्या. पिवळ्या कॅसेटी, चालेनाशा झाल्या की फुंकर मारून पुन्हा खुपसायच्या. अख्खा मारिओ ४० केबीत होता. आजच्या फोनवरचा एक साधा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे त्यात पाऊणशे ते शंभर मारिओ बसतील. नीट पाहिले तर त्यातले ढग आणि झुडपे एकाच आकाराची आहेत. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. एकच बुट्टी, दोन रंगांत.

१९९० च्या दशकात खेळ त्रिमितीत गेले आणि रीत अधिक समृद्ध झाली. बऱ्हाणपूरची जामा मशीद डोळ्यांसमोर आणा. फारुकी राजवटीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती पुरी झाली, आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे आणि दर्शनी बाजूला पंधरा कमानींची रांग आहे. सिनेमावाल्याला ही मशीद दाखवायची तर कॅमेरा जिथून जिथून फिरेल तिथले प्रत्येक चित्र साठवावे लागेल. गेमवाला एक कमान घडवेल: तिचे कोपरे कुठे, कडा कुठे, एवढे आकडे. त्यावर चढवायला दगडाचा एक पोत घेईल. मग आज्ञा देईल: अशा पंधरा, इतक्या इतक्या अंतरावर. ऊन कुठून येते ते सांगेल. खेळणारा समोर उभा राहिला तर समोरून, मागे गेला तर मागून, संध्याकाळी गेला तर लांब सावल्यांसकट, चित्र त्या क्षणी विणले जाईल आणि पुढच्या क्षणी फेकून दिले जाईल. सेकंदाला ६० चित्रे धरली तर वीस तासांच्या खेळात ४३ लाख २० हजार चित्रे पडद्यावर येतात. त्यातले एकही कुठे साठवलेले नसते.

एचडीचे कोडेही इथेच सुटते. पडदा मोठा झाला, ठिपके चौपट झाले, तर सिनेमाची नोंद वाढवावीच लागते. गेममधल्या कमानीचे कोपरे मात्र तेवढेच राहतात. तीच रीत, फक्त अधिक दाट विणायची. जादा कष्ट मागाला पडतात. साठवणीत भर पडेलच असे नाही.

रीतीत थान शिरले तेव्हा

जागा खाते ते थान, रीत नव्हे, हे खरे की खोटे, याची परीक्षा इतिहासाने आपोआप घेतली. १९९३ मध्ये आलेल्या 'डूम' या खेळाचा मोफत वाटलेला पहिला भाग दोन फ्लॉपींवर मावत होता. त्याच सुमारास सीडी स्वस्त झाली. साडेसहाशे एमबी मोकळी जागा मिळाल्यावर खेळ करणाऱ्यांना सिनेमाचा मोह झाला. खऱ्या नटांना उभे करून चित्रण केलेले खेळ निघाले. १९९५ च्या 'फँटस्मागोरिया'ला सात सीडी लागल्या. १९९७ चा 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर आला. त्यात खेळाचा मूळ भाग तिन्ही सीडींवर जवळजवळ तोच होता. वेगळ्या होत्या त्या मधेमधे दाखवायच्या चित्रफिती. रीत तीनदा लिहिली तरी जागा उरत होती. चकत्या भरल्या होत्या थानांनी.

उलट टोकाची परीक्षा २००४ मध्ये जर्मनीत झाली. तिथल्या काही तरुणांनी '.केक्रीगर' नावाचा त्रिमिती नेमबाजीचा खेळ ९६ केबीत बसवला. त्यातल्या भिंती, गंज, दिवे पाहून तेव्हाचे लोक चकित झाले. नेहमीच्या पद्धतीने साठवला असता तर त्याला दोन-तीनशे एमबी लागले असते. त्यांनी भिंतीचे चित्र ठेवलेच नाही. ते काढताना कोणत्या पायऱ्या केल्या, तेवढेच टिपून ठेवले. खेळ सुरू केला की कॉम्प्युटर त्या पायऱ्या पुन्हा करून भिंत रंगवत बसे. म्हणून सुरू व्हायला बराच वेळ लागे आणि चालताना शेकडो एमबी स्मृती खाई. पेटी रिकामी होती; राबणूक मात्र घरच्या यंत्राच्या वाट्याला आली होती.

ही देवघेव लपून राहत नाही. २०१४ चा 'टायटनफॉल' कॉम्प्युटरवर ४८ जीबीचा होता आणि त्यातले ३५ जीबी निव्वळ आवाज होते, न दाबलेले. दाबलेला आवाज खेळता खेळता उलगडायचा तर कमी ताकदीच्या यंत्रांना ओझे झाले असते. त्यापेक्षा जागा गेलेली परवडली. म्हणजे जागा वाचवायची तर कष्ट वाढतात आणि कष्ट वाचवायचे तर जागा जाते.

गेल्या दहा वर्षांत पारडे बरेच फिरले आहे. भिंतीचा एक पोत ४,०९६ बाय ४,०९६ ठिपक्यांचा घेतला आणि ठिपक्याला चार बाइट धरले तर न दाबता तो ६४ एमबी होतो. दगड खराखुरा दिसावा म्हणून खऱ्या दगडांचे फोटो घेतात, नट आणून संवाद अनेक भाषांत ध्वनिमुद्रित करतात. हे सगळे नोंदलेले, म्हणजे थानच. २०१९ चा 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर' पुढची भर मिळून २०० जीबीच्या वर गेला. पिक्चर त्याच काळात फोनवर एक-दीड जीबीत मावू लागले. तेव्हा एचडी गेमला सिनेमापेक्षा कमी जागा लागते, हे विधान आज सरसकट खरे नाही. जिथे गेम रीतीवर उभा आहे तिथेच ते खरे आहे. २०१६ चा 'नो मॅन्स स्काय' हेच दाखवतो. गणितातून उगवणारे अठरा क्विंटिलियन ग्रह, म्हणजे अठरावर अठरा शून्ये, आणि सुरुवातीच्या चकतीवर सुमारे सहा जीबी.

माग कुणाच्या घरी?

या शंभर वर्षांच्या देवघेवीत कुणाला काय मिळाले? सिनेमाच्या थानाने भुसावळसारखे गाव व्यापाराचे केंद्र केले, कारण ओझ्याला जंक्शन लागते. ओझे गेले तसा त्या केंद्राचा रुबाबही उतरला. गेमच्या रीतीने उलट केले: पेटी हलकी ठेवली आणि मागाचा खर्च खेळणाऱ्यावर टाकला. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून केवळ चित्र विणण्यासाठी वेगळी चिप घरोघरच्या कॉम्प्युटरांत बसू लागली. आज फोनवर गेम खेळताना हात भाजतो आणि बॅटरी झरझर उतरते, ती हीच मजुरी. पिक्चर पाहताना फोन इतका तापत नाही, कारण विणकाम आधीच कुणीतरी करून ठेवलेले असते.

मागच परगावी ठेवला तर काय होते, तेही दिसून आले. गूगलने २०१९ मध्ये 'स्टेडिया' काढले. खेळ चाले कंपनीच्या यंत्रांवर आणि घरी नुसते चित्र येई. सेकंदाला २० मेगाबिट धरले तर तासाला ९ जीबी. जो खेळ रीत म्हणून हलका होता, तो थान होऊन आला आणि सिनेमाहून जड झाला. जानेवारी २०२३ मध्ये ते दुकान बंद पडले.

टिकण्याचा हिशोब वेगळा आहे. फितीचा तुकडा हातात आला तर तो उजेडासमोर धरून चित्र दिसते. यंत्र नसले तरी चालते. चाळीस केबीचा मारिओ मात्र त्याच्या मागाविना निरर्थक आकडे आहे. यंत्र गेले तर त्याची नक्कल करणारे दुसरे यंत्र घडवावे लागते. पण ते घडवले की मारिओ जसाच्या तसा परत येतो, आणि आला आहे. 'आलम आरा'च्या बाबतीत असा उपाय नाही. त्या दिवशीचा प्रकाश त्या फितीवर एकदाच पडला होता.

फोन 'जागा संपली' म्हणून कुरकुरू लागतो तेव्हा हा इतिहास कामी येतो. गेम पुसला तर दहा मिनिटांत पुन्हा उतरवता येतो. त्याची रीत कुठेतरी सुखरूप असते. लग्नाची जुनी व्हीसीडी, आजोबांच्या मागाचा खडखडाट टिपलेली दोन मिनिटांची क्लिप, यांना रीत नसते. म्हणून गेम खुशाल पुसा. क्लिप दोन ठिकाणी ठेवा आणि व्हीसीडी चालते आहे तोवर उतरवून घ्या.